नॉर्वेच्या किनाऱ्याने भाड्याच्या गाडीतून

स्टाइनशेर ते बोडो हा १७ क्रमांकाचा किनारी रस्ता साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, वाटेत सहा फेरीबोटी. गाडी एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडणार असाल, तर त्याचा जादा आकार बुकिंगआधीच विचारा. कधी कधी तो भाड्याच्या तोडीस तोड निघतो! टोलला थांबायचं नसतं. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, पैसे मागाहून कार्डावर पडतात. म्हणून चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड न्या, डेबिटच्या भरवशावर राहू नका. थोडे पैसे जास्त गेले तरी ऑटोमॅटिकच घ्या. रस्त्याच्या उजवीकडून चालवायचं, त्यात गिअरही उजव्या हाताने, कशाला डोक्याला ताप? निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. आणि हेडलाइट भर दुपारीही चालू हवेत, तसा कायदाच आहे.