बत्तीस बोअर घेताय? या चुका टाळा

गनचं लायसन्स हातात पडलं की माणूस दुकानात जाऊन आधी काय बघतो, तर गन किती छोटी आहे, खिशात मावते का. तिथेच गडबड होते. आपल्याकडे ९ एमएम, .३८, .४५ हे प्रतिबंधित बोअर (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप), साध्या लायसन्सवर मिळत नाहीत, म्हणून स्वसंरक्षणाला बहुतेक जण .३२ घेतात, थोडे .२२ कडे वळतात. पण छोटी म्हणजे चालवायला सोपी असं अजिबात नाही हो. कानपूरची निर्भीक रिव्हॉल्वर २०१४ ला महिलांसाठी म्हणून आली, वजन साधारण ५०० ग्राम, पर्समध्ये राहते हे खरं, पण गन जितकी हलकी तितका हाताला झटका जास्त आणि नळी आखूड असली की नेम धरायची पुढची मागची साइट जवळजवळ येते, मग हात जरासा हलला तरी नेम गेलाच.

सगळ्यात जास्त घोळ गोळ्यांचा होतो. रिव्हॉल्वरची .३२ म्हणजे एस अँड डब्ल्यू लाँग आणि पिस्तुलाची .३२ म्हणजे एसीपी, ज्याला ७.६५ पण म्हणतात. आकडा एकच, काडतूस पूर्ण वेगळं. माझ्या मामांनी दुकानात नुसतं "बत्तीसच्या द्या" म्हटलं आणि घरी येऊन बघतात तर पिस्तुलाच्या. नळीवर काय कोरलंय ते वाचून तेच नाव सांगा.

दुसरं, घेण्याआधी रिकाम्या गनवर स्वतः हात चालवून बघा, दुकानदाराला विचारूनच. .३२ च्या पिस्तुलांची स्प्रिंग कडक असते, स्लाईड म्हणजे वरचा सरकणारा भाग ओढताना वयस्कर माणसाचं बोट घसरतं. रिव्हॉल्वरला ती कटकट नाही पण मागचा घोडा हाताने न चढवता ट्रिगर दाबला तर तो जड लागतो आणि दाबता दाबता नळी एका बाजूला जाते. माझं मत विचाराल तर ज्याची वर्षातून दोनदाच रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, फेरी होते त्याने रिव्हॉल्वरच घ्यावं. जीवावरच्या प्रसंगात गोळी उडाली नाही तर पुन्हा ट्रिगर दाबला की पुढचं काडतूस समोर येतं, पिस्तुलात तेव्हा स्लाईड ओढावी लागते आणि घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही.

.२२ वाल्यांनी लक्षात ठेवा, यात बारूद पेटवणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो, त्यामुळे फुसके राउंड तुलनेने जास्त निघतात. आणि रिकामी .२२ उगाच टकटक चालवू नका, आतली पिन चेंबरच्या (काडतूस बसतं त्या खोबणीच्या) कडेवर आपटून खराब होऊ शकते, डमी राउंड वापरा.

रेंजवर गोळी सुटली नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, लगेच डोकावून बघू नका प्लीज. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथेच थांबायचं, गन रिकामी करून नळीत गोळीचं शिसं अडकलंय का बघायचं, कारण त्याच्यावर दुसरी गोळी झाडली तर नळी फुटू शकते.