आरएनए एक्सोझोमवर पहिला प्रोजेक्ट करताना

ठाणे-वाशीच्या कॉलेजांतून एमएस्सी करताना खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या कर्करोग संशोधन संस्थेत प्रोजेक्ट मिळाला आणि विषय आरएनए एक्सोझोम, म्हणजे पेशीतला आरएनए कापणारं प्रथिनांचं यंत्र, निघाला, तर जाण्याआधी पीडीबी या प्रथिन-रचनांच्या संग्रहातली २एनएन६ ही रचना काइमेराएक्स या रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून एक संध्याकाळ नुसती फिरवून पाहा. माणसाच्या एक्सोझोमचा हा गाभा २००६ मध्ये उलगडला. खाली सहा प्रथिनांचं कडं: आरआरपी४१-आरआरपी४५, आरआरपी४६-आरआरपी४३, एमटीआर३-आरआरपी४२ अशा तीन जोड्या. वर आरआरपी४, आरआरपी४० आणि सीएसएल४. मधून आरएनए जाण्याइतकी नळी. हा गाभा माणसात स्वतः काहीच कापत नाही. कापणारे डीआयएस३ आणि ईएक्सओएससी१० वेगळे येऊन बसतात, त्यामुळे २एनएन६मध्ये ते शोधू नका. आरआरपी४०च्या जनुकातल्या बिघाडाने तान्ह्या मुलांचा लहान मेंदू खुरटतो, आणि मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात डीआयएस३ बदललेला आढळतो. एवढं कळलं की हे प्रथिन जपून हाताळावंसं वाटतंच.

कड्यातली प्रथिनं ई. कोलाय या जिवाणूत जोडीनेच बनवा. माणसाचं सहांचं कडं वरच्या तिघांशिवाय टिकत नाही. म्हणून जेल फिल्ट्रेशनला, म्हणजे आकारानुसार प्रथिनं वेगळी करणाऱ्या कॉलमवर, अपेक्षित पीक (आलेखातला उंचवटा) न येता उशिरा छोटी पीक आली, तर कॉलमला दोष देण्याआधी वरचे तिघे पुरेसे घातले होते का ते बघा. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या एसडीएस जेलवर नऊ सुटे बँड दिसण्याची वाट पाहू नका. बरेच घटक २५ ते ३३ किलोडाल्टनमध्येच असल्याने बँड एकमेकांवर चढतात.

खरी परीक्षा डीआयएस३च्या कापण्याची. तो आरएनए ३′ टोकाकडून खातो, म्हणून फ्लुओरोसीन या चमकणाऱ्या रंगाचं लेबल ५′ टोकाला हवं. ३′ला लावलं तर पहिल्याच घासात लेबल सुटतं आणि पुढचं काही दिसत नाही. ०, १, २, ५, १०, ३० मिनिटांना नमुना काढून ईडीटीए घातलेल्या फॉर्मामाइडमध्ये थांबवा, आणि युरिया घातलेल्या १५% जेलवर चालवा. डीआयएस३ एकदा धरलेला आरएनए शेवटपर्यंत सोडत नाही. लांब बँड ओसरतो, खाली तीन ते पाच न्यूक्लिओटाइडचा तुकडा साचतो, मध्ये फारसं काही नसतं.

मध्येच ठराविक जागी तुकडे पडले, तर संशय आरएनेज ए या आरएनए कापणाऱ्या एन्झाइमवर. तो सी आणि यू नंतर कापतो आणि प्लास्मिड काढायच्या किटमधल्या पहिल्या बफरमध्येच असतो. ते काम वेगळ्या टेबलावर, वेगळ्या पिपेटने करा. सगळे ए असलेला आरएनए शाबूत आणि मिश्र आरएनए तुटलेला, हा त्याचा पुरावा.

त्याहून फसवा आरएनेज आर. ई. कोलायचा हा एन्झाइम डीआयएस३च्याच कुळातला, ३′ कडूनच खाणारा. तुमच्या प्रथिनासोबत तो थोडा जरी आला तरी जेल जवळपास हवं तसं दिसतं. म्हणून डी४८७एन हा मेलेला, म्हणजे एका बदलामुळे ३′ कडून खाऊ न शकणारा डीआयएस३ त्याच दिवशी, त्याच कॉलमवर, त्याच पद्धतीने शुद्ध करा. तोही आरएनए ३′ कडून खात असेल तर बाकीच्या लेनवर विश्वास ठेवू नका. वेळ कमी म्हणून हा कंट्रोल वगळणं आम्हाला कधीच पटत नाही.

आरएनेज निकामी करणारं डीईपीसी ०.१% पाण्यात घाला, ट्रिस बफरमध्ये नाही. ट्रिस त्याला आधीच खाऊन टाकतो. खारघरच्या पावसाळी दमटपणात फ्रीझरमधली कोरड्या आरएनएची ट्यूब लगेच उघडली तर आत ओल धरते. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, मग झाकण काढा.