मृगाआधी अगाशीवर: अँटेना आणि रोटेटरची तयारी

बडोद्यात पाऊस स्थिरावतो जूनच्या उत्तरार्धात, पण वळीव आणि वावटळ त्याआधीच अगाशीची झडती घेऊन जातात. म्हणून दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरावरचं, माझ्या हॅम रेडिओच्या (परवाना घेऊन छंद म्हणून चालवायच्या रेडिओच्या) अँटेनाचं आणि ती फिरवणाऱ्या मोटरचं, म्हणजे रोटेटरचं, वर्षाचं काम मी मेच्या तिसऱ्या आठवड्यात काढतो. सकाळी सहा ते साडेआठ एवढीच वेळ हाताशी असते, नंतर पाइपला हात लावणं कठीण. अडीच तासांत सगळं व्हायचं असेल तर एक नियम पाळावा लागतो: जे खाली बसून करता येतं ते वर न्यायचं नाही. वर फक्त नट आवळायचे.

आदल्या संध्याकाळी अगाशीवर जाऊन आधी विजेच्या तारा पाहून या, अँटेना नंतर. मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब, कोणत्याही बाजूला आडवा झाला तरी त्याचं टोक तारेपर्यंत पोचता कामा नये. मास्टची उंची आणि अँटेनाची लांबी धरून जेवढं होईल त्याच्या दीडपट अंतर मोकळं हवं. जुन्या गल्ल्यांमध्ये तारा खिडकीजवळूनच जातात, आणि तेवढं अंतर मिळत नसेल तर मास्ट लहान करा. याला दुसरा उपाय नाही. त्याच फेरीत शेजारच्या बेनना सांगून ठेवा की सकाळी दोरी त्यांच्या बाजूला बांधावी लागेल, वाळवणं हलवा. सोबत एक माणूस हवाच. माझा भाचा येतो, तो वर चढत नाही, फक्त दोरी धरतो आणि खालून पाहतो. वर जाणाऱ्याच्या कमरेला हार्नेस असावा, दोरीची गाठ नव्हे.

पिशवीत रिंग पाने, फिक्स पाने, पक्कड, मल्टीमीटर, थोडं ग्रीस आणि जास्तीचे यू-बोल्ट टाका. नट-बोल्ट स्टेनलेसचे घ्या. मात्र स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आवळलं तर आटे जाम होतात आणि पुढच्या वर्षी करवत लागते, म्हणून प्रत्येक आट्याला ग्रीसचं बोट लावा. अॅल्युमिनियमच्या बूमला (अँटेनाच्या मधल्या आडव्या दांड्याला) तांब्याची तार थेट जोडू नका, मध्ये कथील चढवलेला लग (तारेच्या टोकाचा धातूचा तुकडा) घाला, नाहीतर एका पावसाळ्यात सांधा पांढरा पडतो. केबल टाय काळे घ्या. पांढरे टाय आपल्या उन्हात वर्षभरात कुरकुरीत होऊन तुटतात.

आता को-अॅक्स, म्हणजे रेडिओपासून अँटेनापर्यंत जाणारी केबल. माझ्या अनुभवात वरचे निम्मे बिघाड कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्याचे असतात. पीएल-259 हा कनेक्टर मुळात जलरोधक नाही. एका वर्षी मी टेप वरून खाली गुंडाळत आणली. प्रत्येक वेढ्याची कड वर तोंड करून राहिली, पाणी कडेकडेने आत गेलं, केबलच्या आतल्या तारांच्या जाळीतून चार मीटर खाली उतरलं, आणि सगळी केबल फेकावी लागली. तेव्हापासून टेप खालून वर नेतो, कौलं रचतात तशी, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर चढतो. आधी ताणली की एकजीव होणारी रबरी टेप, तिच्यावर साधी काळी इन्सुलेशन टेप. कनेक्टर लावलेली केबल खालीच तपासा: टोक उघडं असताना मध्यतार आणि जाळी यांच्यात मीटरने काही दाखवू नये, टोक जोडलं की ओहमच्या अंशाएवढंच दाखवावं. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, पाणी तिथूनच ठिबकून जातं. आणि 145 मेगाहर्ट्झवर काम करायचं असेल तर वीस मीटर आरजी-58 ही बारीक केबल वापरू नका, निम्म्याहून जास्त शक्ती वाटेतच जिरते. आरजी-213 महाग आणि जाड आहे, तरी तीच घ्या.

रोटेटरला मी सगळ्यांत जास्त वेळ देतो. 2005 साली पीएसएलव्ही-सी6 मधून गेलेला हॅम रेडिओचा उपग्रह हॅमसॅट, म्हणजे व्हीओ-52, ऐकण्यासाठी मी हातानेच यागी (एकाच दिशेला रोखायची दांड्यांची अँटेना) फिरवायचो. तो 2014 मध्ये थांबला, पण फिरणारी अँटेना हवी ही गरज तिथूनच आली. माझा रोटेटर गाडीच्या वायपर मोटरचा आहे. तिच्यातल्या वर्म गिअरमुळे वारा अँटेनाला सहसा मागे ढकलू शकत नाही. घरी बनवणार असाल तर तारेची जाडी मोजून घ्या. पंचवीस मीटर अंतरावर 0.5 चौरस मिलिमीटरच्या तारेत जाऊन-येऊन सुमारे 1.8 ओहम होतात. मोटरने तीन अॅम्पिअर ओढले तर बारातले पाचेक व्होल्ट वाटेतच गेले. 1.5 चौरस मिलिमीटर घेतली की दोनच्या आत राहतं.

मग खाली टेबलावर रोटेटर डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत फिरवा आणि रिकाम्या मोटरचा करंट वहीत लिहा. प्रत्येक तारजोडीचा ओहम घरातल्या टोकाकडून मोजून तोही लिहा. ही वही सगळ्या हत्यारांपेक्षा मोलाची आहे. ऑगस्टमध्ये अँटेना अडली तर भर पावसात चढायचं नाही, खोलीत बसून मोजायचं: करंट वाढला असेल तर ग्रीस सुकलं किंवा काही अडकलं, ओहम अनंत असेल तर तार तुटली. चढायचं की थांबायचं हे वही पाहून ठरतं. मास्टचं वजन आणि वाऱ्याचा रेटा रोटेटरवर सोडू नका, त्याच्या वर भार पेलणारं एक थ्रस्ट बेअरिंग बसवा. रोटेटरभोवती को-अॅक्सचा सैल वेढा ठेवा आणि टेप लावण्याआधी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून तो कुठे ताणतो का पाहा. दिशा बदलताना अँटेना पूर्ण थांबू द्या, तीनेक सेकंद, नाहीतर दाते जातात.

उत्तर दिशा ठरवायला लोखंडी मास्टजवळ होकायंत्र धरू नका. भर दुपारच्या सावलीची युक्ती आपल्याकडे या दिवसांत चालत नाही, कारण बडोदं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि मेअखेरीपासून सूर्य मध्यान्ही जवळपास डोक्यावर असतो. त्यापेक्षा आदल्या रात्री ध्रुव बघा. इथून तो क्षितिजावर सुमारे 22 अंश असतो. मास्टपासून त्याच्या दिशेने कठड्यावर खडूची खूण करून ठेवली की सकाळी बूम तिथे लावायचा.

7 मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे मधून दोन बाजूंना ताणलेली तारेची अँटेना, करायचा तर 143 ला 7.1 ने भागा, साधारण वीस मीटर येतात. आमची अगाशी तेवढी लांब नाही म्हणून तो उलट्या व्ही आकारात आहे. तार अर्धा मीटर जास्त ठेवून टोकं दुमडत जुळवा. टोकांशी ट्रान्समिटच्या वेळी मोठा व्होल्टेज असतो, तेव्हा ती कोणाच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच बांधा.

मास्टचं अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडलेलं असावं. ढग गडगडू लागले की केबल काढून खिडकीबाहेर ठेवायची, अरेस्टर (वीज जमिनीत वळवणारं साधन) असला तरी. रेडिओच्या बाजूला 12 व्होल्टची भरलेली बॅटरी हवी. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा अनेक भागांत वीज नव्हती. लायसन्सची प्रत त्याच कपाटात असू द्या.

यादीतला एक भाग जानेवारीचा आहे. उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या, दोन दिवस आधी डायपोल उतरवतो. काचेचा मांजा ताणाच्या दोऱ्या कापतो आणि पोरं अडकलेली पतंग सोडवायला तार ओढतात. वासी उत्तरायण (उत्तरायणानंतरचा दिवस) झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी यागीच्या प्रत्येक दांडीवरचा दोरा कात्रीने सोडवून खाली आणायचा, कारण पारवे आणि पोपट त्यातच अडकतात. तो सगळा गोळा करून झाल्यावरच डायपोल पुन्हा चढवायचा.