कोहीरर आणि गॅलिना घरी बनवताय? या चुका टाळा

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे रेडिओ डिटेक्टर, म्हणजे रेडिओ लहर ओळखणारे भाग, पुन्हा बनवून बघणारी मंडळी वाढताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. कोहीरर म्हणजे धातूच्या किसाची नळी, गॅलिना म्हणजे शिशाच्या खनिजाचा खडा. त्यांच्या तक्रारी मात्र वर्षानुवर्षं त्याच. ‘डिटेक्टर चालत नाही’ म्हणून जो डिटेक्टर माझ्यासमोर येतो, तो बहुतेक वेळा ठणठणीत असतो. बिघाड आजूबाजूला असतो: इअरफोनमध्ये, शेजारच्या घंटीत, नाहीतर संगणकावरच्या मॉडेलमध्ये गृहीत धरलेल्या एखाद्या गोष्टीत. तरीही लोक आधी डिटेक्टरच उघडतात आणि नीट चाललेली वस्तू बिघडवून ठेवतात.

कोहीररवर गाणी ऐकायचा हट्ट

एडुआर ब्रान्लीने १८९० मध्ये दाखवून दिलं की धातूच्या किसाने भरलेल्या नळीजवळ ठिणगी पडली की नळीचा रोध एकदम कोसळतो आणि नळीला टिचकी मारेपर्यंत तसाच राहतो. म्हणजे हा एक स्विच आहे. लहर आली एवढंच तो सांगतो, ती किती मोठी होती ते सांगत नाही. टिंब आणि रेघ यांच्यासाठी एवढं पुरतं, आकाशवाणीसाठी नाही. आवाज ऐकायचा असेल तर एकाच दिशेने वीज जाऊ देणारा डिटेक्टर लागतो, म्हणजे गॅलिना, सिलिकॉन किंवा कार्बोरंडम. हे न वाचता नळीला इअरफोन लावून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

घंटीच कोहीररला जागं करते

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून सविस्तर सांगतो.

एका कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात दोन विद्यार्थ्यांनी रशियन शास्त्रज्ञ पोपोव्हच्या १८९५ च्या यंत्रासारखी मांडणी केली होती. कोहीररमधून रिले (विजेने चालणारा स्विच) ओढला जातो, रिले घंटी वाजवतो आणि घंटीचीच हातोडी परत येताना नळीला ठोका देऊन कीस मोकळा करतो. रचना सुरेख आहे. पोरांनी स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर दाबला, घंटी वाजली, आणि मग थांबेचना. बघणारे म्हणाले, ‘केवढा संवेदनशील आहे!’ पोरंही खूश. रात्री त्यांना शंका आली, म्हणून त्यांनी नळीतल्या दोन धातूच्या प्लगांमधलं अंतर वाढवलं, मग कीस बदलला, मग बॅटरी दीडची तीन व्होल्ट केली. प्रत्येक बदलाने प्रकरण बिघडत गेलं. सकाळी माझ्याकडे फोन.

मी गेलो, लायटर खिशात घातला आणि एरियल काढून टाकली. नळीला हाताने टिचकी मारून रिले सोडवला, तरी घंटीचा एक टोल पडला की ती पुन्हा सुरूच. मग घंटीची वायर काढून तिथे एलईडी लावला. लायटर दाबला की दिवा लागायचा, टिचकी मारली की विझायचा. कोहीररमध्ये काहीच दोष नव्हता. घंटीच्या तुटक-जोड संपर्कावर दर ठोक्याला ठिणगी पडते, आणि ठिणगी म्हणजे अख्खा प्रेषकच. ठोक्याने कीस मोकळा व्हायचा आणि पुढच्याच ठिणगीने पुन्हा चिकटायचा.

मार्कोनीच्या १८९६ च्या पेटंटमध्ये या दुखण्यावरचा इलाज दिलेला आहे. रिले आणि ठोकणी यांना समांतर रोध जोडायचे आणि कोहीररच्या दोन्ही टोकांना चोक कॉइल (वेगवान लहरी अडवणाऱ्या कॉइल) लावायच्या. मी आजही तेच करतो. रिलेच्या कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड, घंटीच्या संपर्कावर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एकसर, घंटीला स्वतंत्र बॅटरी, तिच्या दोन्ही वायरी एकमेकींत पिळलेल्या. सगळं बसवल्यावर पोरांची घंटी लायटरच्या एका टिचकीला एकदाच वाजून गप्प झाली.

बॅटरीचा मुद्दा राहिला. कोहीररवर दीड व्होल्टच्या वर जाऊ नका आणि एकसर निदान एक-दोन किलोओहम ठेवा. जास्त व्होल्टेजवर लहर न येताच कीस चिकटतो, आणि प्रवाह वाढला की कण एकमेकांना डागल्यासारखे जुळतात. मग कितीही ठोका, सुटत नाहीत.

सवय एकच लावून घ्या. आधी फक्त नळी, सेल, रोध आणि मल्टिमीटर. टिचकी मारा, लायटर दाबा, आकडा कोसळतो का बघा, पुन्हा टिचकी मारा. हे दर वेळी झाल्याशिवाय घंटीला हात लावू नका. नवशिक्यांना पहिल्या संध्याकाळीच घंटी वाजवायची असते, आणि तिथेच आठवडा जातो.

कीस

लेथखालचा भुगा उचलू नका, त्याला तेल असतं. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड चिवट असतो, त्यामुळे कधी चालतो, कधी नाही. मार्कोनी बहुतांश निकेल आणि थोडी चांदी वापरायचा. मी निकेलची पट्टी स्वच्छ कानशीने घासतो. लिथियम सेल जोडायला मिळणाऱ्या पट्ट्या चालतात, पण त्यांतल्या कित्येक निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या असतात. चुंबकाने फरक कळत नाही, कारण निकेलही चिकटतं. पट्टीवर ओरखडा काढून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. तांबूस गंज दिसला तर ते पोलाद. आणि नळी गच्च भरू नका, कणांना हलायला जागा हवी.

‘०.६ व्होल्टची भिंत’ आणि आदर्श डायोड

आता सॉफ्टवेअरवाले. यांची लाडकी चूक म्हणजे डायोडच्या (एकाच दिशेने वीज जाऊ देणाऱ्या भागाच्या) जागी ‘ऋण असेल तर शून्य’ अशी एक ओळ लिहायची आणि म्हणायचं, गॅलिना तयार. दुसरा गट ०.६ व्होल्टच्या खाली सगळं कापून टाकतो आणि जाहीर करतो की सिलिकॉनवर काही ऐकूच येणार नाही. दोन्ही चूक.

क्रिस्टल सेटमध्ये, म्हणजे खड्यावर चालणाऱ्या बिनबॅटरीच्या रेडिओत, सिग्नल बहुधा काही मिलिव्होल्ट असतो, आणि तिथे भिंतही नसते आणि कोपराही नसतो. प्रवाह घातांकी वक्रावर चालतो आणि त्या वक्रतेतूनच आवाज निघतो. आदर्श घातांकी डायोड घ्या, तापमान खोलीचं. १० मिलिव्होल्ट शिखराच्या कॅरियरमधून (केंद्राच्या मूळ लहरीतून), पुढे भार नसेल तर, जेमतेम १ मिलिव्होल्ट डीसी निघतो. कॅरियर ५ मिलिव्होल्ट केला की डीसी निम्मा होत नाही, पाव होतो. हा वर्गाचा नियम ज्या मॉडेलमध्ये दिसत नाही, ते मॉडेल गॅलिनाचं नाही.

मग सिलिकॉन डायोड कमी का पडतो? एलटीस्पाइस या सर्किट-सॉफ्टवेअरच्या ठरलेल्या मॉडेलमध्ये १एन४१४८ या सिलिकॉन डायोडचा शून्य व्होल्टला रोध सुमारे १८ मेगाओहम येतो. जर्मेनियम डायोडचा काही दहा किलोओहमच्या घरात असतो, आणि ट्यूनिंग कॉइलशी तो जुळू शकतो. म्हणजे दोष जुळणीचा आहे. सिलिकॉनला सेल आणि पोटेन्शिओमीटरने थोडा पुढचा बायस (कायमचा छोटा व्होल्टेज) द्या, तोही बोलू लागतो. १९०६ च्या कार्बोरंडम डिटेक्टरला बॅटरी लावत, ती याचसाठी.

मॉडेलमध्ये लहरीचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे हे ठरवतानाही घाई नडते. मुंबई केंद्राच्या ५५८ किलोहर्ट्झसाठी ‘चौपट पुरे’ म्हणून २२३२ किलोहर्ट्झ घेतले, तर एका आवर्तनाला नेमके चारच नमुने पडतात. कॅरियरचा चौथा हार्मोनिक (चौपट वारंवारतेची लहर) दुमडून थेट शून्यावर येऊन बसतो. एक व्होल्टच्या लहरीच्या अर्ध-रेक्टिफिकेशनची खरी सरासरी ०.३१८. नमुने शिखरावर पडले तर उत्तर ०.२५ येतं, ४५ अंश सरकले तर ०.३५४. फक्त कला (फेज) बदलली आणि डिटेक्टर ‘सुधारला’! एलटीस्पाइसमध्ये कमाल टाइमस्टेप स्वतः लिहा. मी ५५८ साठी २० नॅनोसेकंद ठेवतो, म्हणजे आवर्तनाला नव्वदच्या आसपास बिंदू. चालवायला वेळ लागतो. लागू द्या.

कोहीररच्या मॉडेलमध्ये स्मृती हवी. मागच्या क्षणी कीस चिकटलेला होता की नव्हता हे जपणारं चल (व्हेरिएबल) नसेल, तर तो कोहीरर नव्हे.

बाकीच्या, भराभर

मोबाइलचा ३२ ओहमचा इअरफोन थेट लावू नका. दोन हजार ओहमचा जुना हेडफोन किंवा क्रिस्टल इअरफोन हवा. क्रिस्टल इअरफोनला समांतर ४७ ते १०० किलोओहम जोडा, नाहीतर डीसीला वाट मिळत नाही आणि आवाज घुसमटतो.

गॅलिनाचा खडा साध्या सोल्डरने डागू नका, उष्णतेने त्याची संवेदनशीलता जाते. ७० अंशाला वितळणारा वुड्स मेटल चालतो, पण त्यात शिसं आणि कॅडमियम असतं. मी खडा पितळी वाटीत स्क्रूने आवळतो. खड्यावरची बारीक तार नुसती टेकवायची, दाबायची नाही.

दाढीच्या पात्याचा डिटेक्टर करताना लक्षात ठेवा, आजची पाती बहुतेक स्टेनलेस असतात. १९४४ मध्ये इटलीतल्या आंझिओच्या खंदकांत सैनिकांनी ज्या पात्यांवर रेडिओ ऐकले, ती निळसर पोलादी होती.

जगदीशचंद्र बोसांचा लोखंड-पारा कोहीरर घरात बनवू नका. पाऱ्याची वाफ दिसत नाही आणि फरशीच्या फटीत गेलेला पारा निघत नाही. बोसांचंच काम हाती घ्यायचं तर त्यांचा गॅलिना डिटेक्टर घ्या. त्याचा अमेरिकी अर्ज १९०१ चा, पेटंट १९०४ चं.

इग्निशन कॉइल आणि लांब एरियल लावून ठिणगी-प्रेषक चालवू नका. त्याला बंदी आहे आणि त्याचा त्रास अख्ख्या आळीच्या रेडिओंना होतो. टेबलावरच्या प्रयोगाला गॅसचा लायटर भरपूर होतो.

प्लगच्या सॉकेटमधून अर्थिंग घेऊ नका. इमारतीतल्या पाण्याच्या पाइपवरही विसंबू नका, तो आता बहुधा पीव्हीसीचा असतो. ओल्या मातीत सळई ठोका.

आणि खडा बदलण्याआधी साध्या ट्रान्झिस्टरवर मध्यम लहरी लावून बघा, तुमच्या भागातलं केंद्र त्या वेळी चालू आहे का.