व्हिसाच्या अर्जात या चुका टाळा, आणि झाल्याच असतील तर काय करायचं

काकांचा अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा नाकारला गेला तेव्हा घरात सगळ्यांनी बँक बॅलन्सला दोष दिला. मी म्हटलं आधी भरलेला फॉर्म दाखवा. डीएस-१६० मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्हिसाच्या ऑनलाईन फॉर्ममध्ये, एक प्रश्न असतो, तुमच्यासाठी कधी कोणी इमिग्रंट पिटिशन (कायमचं तिकडे नेण्यासाठीचा अर्ज) फाईल केलंय का, आणि त्यापुढे एजंटने बिनधास्त 'नो' टाकलेलं. इकडे काकांची सख्खी बहीण तिकडची सिटिझन, तिने १२ वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी आय-१३०, म्हणजे नातेवाईकासाठीच्या याच पिटिशनचा फॉर्म, भरून ठेवलेला, आणि काका ते साफ विसरलेले. इंटरव्ह्यूच्या खिडकीवर ऑफिसरने विचारलं, अमेरिकेत कोण असतं? काका म्हणाले बहीण. तिने तुमच्यासाठी काही फाईल केलंय? काका म्हणाले, हो बहुतेक, खूप वर्षं झाली. संपलं, दोन मिनिटांत पासपोर्ट परत.

आता त्यामुळेच नाकारला का, ते छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण हातात मिळतो तो २१४(बी) चा छापील कागद, सगळ्यांना साधारण सारखाच. पण हे २१४(बी) कलम एकदा समजून घ्या म्हणजे अर्ध्या चुका आपोआप टळतील. कायदा असं धरूनच चालतो की टुरिस्ट व्हिसा मागणारा माणूस तिकडेच राहायला निघालाय, आणि तसं नाहीये हे पटवून द्यायचं काम अर्जदाराचं. तिकडे असलेल्या मुलाचा पगार किती, त्याचं घर केवढं, त्याने पाठवलेलं पत्र किती गोड, याने फारसा फरक पडत नाही. अर्जदाराचं स्वतःचं मागे काय आहे, नोकरी, धंदा, घर, घरातली माणसं, आधी कुठे जाऊन वेळेत परत आलेत का, हे बघतात. लोक मुलाच्या कागदांची जाडजूड फाईल घेऊन जातात आणि ती उघडलीही जात नाही.

पिटिशन पेंडिंग असलं म्हणजे टुरिस्ट व्हिसा मिळतच नाही असं नाही. भावंडांच्या कॅटेगरीत, ज्याला एफ४ म्हणतात, भारतीयांना १५ वर्षांहून जास्त थांबावं लागतं, तेवढी वर्षं कोणी भाचीच्या लग्नालासुद्धा जायचं नाही की काय! 'यस' लिहा, खाली खुलाशाची जागा येते तिथे साधं लिहा की बहिणीने अमुक साली केलंय, अजून नंबर लागलेला नाही, आत्ता तीन आठवडे भेटायला चाललोय. 'यस'ने केस थोडी अवघड होते हे खरं, पण खोट्या 'नो'ने कायमची बिघडू शकते. मुद्दाम खोटी माहिती दिली असं ठरलं तर अमेरिकेत कायमची बंदी येऊ शकते, कॅनडात ५ वर्षं, आणि यूकेत १० वर्षांपर्यंत. आणि फॉर्म एजंटने भरला होता हे कारण कोणी ऐकून घेत नाही, सबमिट करताना सही तुमचीच धरतात. म्हणून सबमिट करण्याआधी पूर्ण फॉर्म स्वतः वाचा, आईबाबांचा असेल तर त्यांना मराठीत वाचून दाखवा, आणि त्याची पीडीएफ मागून घ्या. एजंट द्यायला कां कूं करत असेल तर एजंट बदला.

व्हिजिटरवर बोलवून घे आणि तिकडेच फाईल कर

हा सल्ला फॅमिली ग्रुपवर हमखास येतो. टुरिस्ट म्हणून उतरताना मनात आधीच ग्रीन कार्डचा बेत असेल आणि ऑफिसरला 'फिरायला आलोय' सांगितलं असेल, तर ती चुकीची माहितीच झाली, नंतर इंटरव्ह्यूत तेच उकरून काढतात. आईबाबांना कायमचं न्यायचं असेल तर सरळ फॅमिलीचा रस्ता धरा, आणि त्यातले नियम आधी बघून घ्या. आईवडिलांना किंवा भावंडांना फक्त सिटिझन स्पॉन्सर करू शकतो आणि तोही २१ पूर्ण झालेला, ग्रीन कार्डवाल्याला ते करता येत नाही. ग्रीन कार्डवाला नवरा किंवा बायको आणि लग्न न झालेली मुलं, एवढ्यांसाठीच करू शकतो.

यातलं 'लग्न न झालेली' हे शब्द दोनदा वाचा. बापाकडे ग्रीन कार्ड, मुलीचं पिटिशन फाईल केलेलं, सात-आठ वर्षं गेली, मध्येच चांगलं स्थळ आलं आणि लग्न लावून दिलं, की पिटिशन तिथेच रद्द. ग्रीन कार्डवाल्याच्या विवाहित मुलांसाठी कॅटेगरीच नाही. नंतर घटस्फोट झाला तरी ते जुनं पिटिशन जिवंत होत नाही. बाप आधी सिटिझन झाला आणि मग लग्न झालं तर केस एफ३ मध्ये, म्हणजे सिटिझनच्या विवाहित मुलांच्या कॅटेगरीत, जाते, लाईन लांबते पण नंबर टिकतो. म्हणजे मुहूर्त काढायच्या आधी बापाच्या सिटिझनशिपची तारीख बघायची, ऐकायला विचित्र वाटतं पण हे एका वाक्यात कोणी आधी सांगितलं तर पुढची कित्येक वर्षं वाचतात.

नवराबायकोच्या केसमध्ये लोक लग्नाचा अख्खा अल्बम देतात आणि लग्नानंतरचं काहीच नाही. ऑफिसरला त्या दिवसाचे ४०० फोटो नकोयत, नंतरचं आयुष्य बघायचंय, एकत्र प्रवास, कॉल, एकमेकांना पाठवलेले पैसे, इन्शुरन्सवर लावलेलं नाव. ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला २ वर्षं झालेली नसतील तर कार्ड २ वर्षांचंच मिळतं आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे कार्डावरची ही २ वर्षांची अट काढायचा फॉर्म, भरावा लागतो, हे तर निम्मे लोक विसरतात. आणि आय-८६४ मध्ये, म्हणजे येणाऱ्याच्या खर्चाची हमी देणाऱ्या फॉर्ममध्ये, स्पॉन्सरचं उत्पन्न पॉव्हर्टी गाईडलाईनच्या (सरकारने ठरवलेल्या गरिबीच्या रेषेच्या) १२५ टक्के लागतं, त्यात घरातली सगळी माणसं आणि येणारी माणसं मोजायची, फक्त येणारी नाही. कमी पडलं तर सोबत हमी देणारा दुसरा माणूस, म्हणजे जॉइंट स्पॉन्सर, चालतो, त्यासाठी केस थांबवून बसू नका.

अकाउंटमध्ये अचानक आलेले पैसे

पाच महिने शिल्लक जेमतेम आणि अर्जाच्या आठवडाभर आधी एकदम मोठी रक्कम जमा. स्टेटमेंट वाचणाऱ्याला हे पहिल्या नजरेत दिसतं, आणि यूके किंवा शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) तर कागदांवरच निकाल लागतो, समोर बसून समजवायची संधी बहुतेक वेळा मिळतच नाही. पैसे खरेच तुमचे असतील, घर विकलं, ठेव मोडली, मुलीने पाठवले, तर त्याचा कागद जोडा आणि कव्हर लेटरमध्ये एक ओळ लिहा. कोणाकडून महिनाभरासाठी उसने घेऊन दाखवू नका. खरं तर तीन आठवड्यांच्या ट्रिपला लागतात तेवढे पैसे आणि नियमित येणारा पगार किंवा पेन्शन हे फुगवलेल्या बॅलन्सपेक्षा जास्त कामाचं.

स्टिकर नीट वाचा

शेंगेनच्या स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी असतात. कधीपासून कधीपर्यंत वैध त्या तारखा, आणि ड्युरेशन ऑफ स्टे. तारखांमध्ये ३० दिवस दिसतायत पण ड्युरेशनच्या रकान्यात १५ लिहिलंय, तर १५ दिवसच राहता येतं. मल्टिपल एंट्रीवाल्यांचा घोळ वेगळा, १८० दिवसांत ९० हा हिशोब कॅलेंडरच्या सहामाहीने चालत नाही, ज्या दिवशी तिथे असाल त्या दिवसापासून मागचे १८० दिवस मोजायचे आणि आलेला दिवस, निघालेला दिवस दोन्ही धरायचे. अर्जही कुठे द्यायचा ते अपॉइंटमेंट कुठे लवकर मिळते त्यावर ठरत नाही, जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे द्यायचा, रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तिथे. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा आणि पूर्ण मुक्कामाचा.

अमेरिकेचा उलटा प्रकार. व्हिसा १० वर्षांचा मिळाला म्हणून लोक निवांत असतात, पण राहायची मुदत आय-९४ वर, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवर, असते, साधारण ६ महिने, आणि ती एअरपोर्टवरचा ऑफिसर ठरवतो. उतरल्यावर दोन दिवसांत ऑनलाईन आय-९४ काढून तारीख बघा. तब्येतीमुळे वगैरे जास्त थांबायची वेळ आली तर ती तारीख उलटायच्या आत मुदत वाढवून मागायचा आय-५३९ फॉर्म भरायचा. तसं न करता १८० दिवसांहून जास्त ओव्हरस्टे करून निघालात तर ३ वर्षं बंदी, १ वर्ष किंवा जास्त झालं तर १० वर्षं.

नावं आणि तारखा, हे थोडक्यात. पासपोर्टवर जे स्पेलिंग तेच सगळीकडे, लग्नानंतर नाव बदललं असेल तर जुनं नाव 'अदर नेम्स'मध्ये टाका आणि जोडणारा कागद ठेवा. अमेरिकेच्या आय-१३० सारख्या फॉर्मवर महिना आधी असतो, ०४/०७ म्हणजे ७ एप्रिल. माझ्या आत्तेबहिणीच्या फॉर्ममध्ये लग्नाची तारीख अशीच उलटी पडली आणि सर्टिफिकेटवर वेगळी, नुसतं हे निस्तरायला किती ईमेल झाले विचारू नका.

आता चूक झालीच असेल तर

डीएस-१६० सबमिट झाल्यावर चूक दिसली तर इंटरव्ह्यूच्या आधी नवीन भरा आणि अपॉइंटमेंटच्या प्रोफाईलमध्ये नवा कन्फर्मेशन नंबर टाका, जुना तसाच ठेवून 'तिकडे सांगू' म्हणू नका. भरताना अ‍ॅप्लिकेशन आयडी आधी लिहून घ्या, साधारण २० मिनिटं हात लावला नाही तर पान बंद पडतं. इंटरव्ह्यूनंतर २२१(जी) चा कागद मिळाला तर घाबरू नका, काहीतरी कागद हवाय किंवा अजून तपासणी बाकी आहे असा त्याचा अर्थ, जे मागितलंय तेवढंच द्या. २१४(बी) ला अपील नसतं, पुन्हा अर्ज कधीही करता येतो पण फी पुन्हा भरावी लागते आणि तोच फॉर्म तसाच्या तसा दिला तर उत्तरही बहुधा तेच येतं. शेंगेनचा नकार आला तर फॉर्मवर कारणापुढे खूण केलेली असते, ते एकच कारण पकडून अपील किंवा नवा अर्ज करा. यूकेच्या व्हिजिटर व्हिसाला अपील नाही, नकाराचं पत्र मात्र सविस्तर असतं, त्यातला एकेक मुद्दा घेऊन नव्या अर्जात कागदासकट उत्तर द्यायचं. आणि मागचा नकार लपवायचा नाही, यूकेच्या फॉर्ममध्ये तर इतर देशांनी नाकारलंय का तेही विचारतात.

काकांचा दुसरा फॉर्म आम्ही घरीच बसून भरला. पिटिशनपुढे 'यस', आधीच्या नकारापुढे 'यस', आणि मागच्या वेळी ते चुकून राहिलं होतं असं खुलाशात स्पष्ट लिहिलं. दोन्हीकडे 'यस' बघून काकू म्हणाल्या, आता कसले देतायत. इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात आहे.