शाळेची परसबाग : या चुका टाळा

शाळेची परसबाग कीड-रोगापेक्षा सुट्ट्यांमुळे जास्त मरते. मेथी 25 ते 30 दिवसांत, पालक 30 ते 35 दिवसांत आणि कोथिंबीर 40 दिवसांच्या आसपास काढणीला येते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या दिवसांत दिवाळीची सुट्टी येते का, हे मात्र कुणी बघत नाही. सुट्टीच्या तोंडावर पेरलेली मेथी किंवा नुकतीच लावलेली वांग्याची रोपं ऑक्टोबरच्या उन्हात पंधरा दिवस बिनपाण्याची तगत नाहीत. पालेभाज्या सुट्टीआधी काढून संपवा. वांगी-टोमॅटोची पुनर्लागवड सुट्टीच्या किमान तीन आठवडे आधी करा, म्हणजे मुळं धरतात. ते जमलं नाही तर वाफा मोकळा ठेवा आणि शाळा उघडल्यावर लावा.

दुसरी चूक एकदम पेरण्याची. शालेय पोषण आहाराच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 50 ग्रॅम भाजी लागते, म्हणजे शंभर मुलांना 5 किलो. मेथीच्या चांगल्या वाफ्यातून चौरस मीटरला पाऊण किलोच्या आसपास भाजी निघते. म्हणजे साधारण 7 चौरस मीटर मेथी एका दिवसाच्या खिचडीत संपते! सगळी बाग एकाच दिवशी पेरली तर आठवडाभर मेथीच मेथी, पुढे महिनाभर काही नाही. दर आठ दिवसांनी एक वाफा पेरा.

पावसाळ्यात सपाट वाफे नकोत. पाणी साचलं की मुळं कुजतात आणि दाट पेरलेली रोपं मर रोगाने बुडख्याशी कोलमडतात. गादीवाफा 15 ते 20 सेंमी उंच करा, कोकणात आणखी उंच. रुंदी 90 सेंमीपेक्षा जास्त नको, नाहीतर मुलांचा हात मधोमध पोहोचत नाही, पाय आत जातो आणि माती दबते. ओल्या काळ्या मातीत तर शिरूच नये. मुठीत मातीचा गोळा दाबून कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा (काम करण्याजोगी ओल) आहे, चपटा झाला तर थांबा.

जूनमध्ये जागा ठरवताना हमखास फसगत होते. इमारतीच्या उत्तरेची जागा तेव्हा लख्ख उन्हात असते, कारण सूर्य डोक्यावर असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो आणि चार मीटर उंच वर्गखोलीची सावली भर दुपारीही पावणेचार मीटरपर्यंत उत्तरेकडे पडते. टोमॅटो नुसता उंच वाढतो, फळ धरत नाही. तिथे अळू लावा, फळभाज्या दक्षिणेला घ्या. शेवगा बागेच्या उत्तर कडेला लावा, म्हणजे वाफ्यांवर सावली येत नाही.

वेलाला फुलं आहेत पण फळ नाही, ही तक्रार खताने सुटत नाही. सुरुवातीची फुलं बहुधा नर असतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे बोटभर कोवळं फळ दिसतं. ते पिवळं पडून गळलं, तर परागीभवन झालेलं नाही. लाल भोपळ्याचं फूल सकाळी लवकर उमलून दुपारच्या आत मिटतं, म्हणून शाळा भरायच्या आधी नर फूल तोडून मादी फुलात हलकेच फिरवा. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, म्हणजे शाळा सुटल्यावर. ते शेजारच्या कुणावर तरी सोपवावं लागतं.

भांडी घासल्याचं साबण-सोड्याचं पाणी पालेभाज्यांवर सोडू नका. त्याने माती बिघडते. ते केळी-कर्दळीकडे वळवा. तांदूळ धुतल्याचं पाणी चालेल. शेणखत कच्चं टाकलं तर वाळवी आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) मागे लागते. कुजून काळं, भुसभुशीत झालेलंच वापरा, चौरस मीटरला 2 ते 3 किलो.

मावा दिसला की फवारणीचं औषध आणायला धावू नका, ही भाजी दुपारी मुलांच्या ताटात जाते. अर्धा किलो निंबोळी पूड रात्रभर पाण्यात भिजवा, गाळून 10 लिटर करा, थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. भेंडीची पानं पिवळ्या शिरांची झाली तर मात्र तो केवडा रोग. त्याला उपाय नाही, झाड लगेच उपटा. रोग पांढरी माशी पसरवते.

उन्हाळ्यासाठी गवार, चवळी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पेरून एप्रिलअखेर संपवा. मेमध्ये फक्त शेवगा, कढीपत्ता आणि अळू राहू द्या, बुडाशी 8 ते 10 सेंमी पालापाचोळ्याचं आच्छादन घालून आणि पाणी झिरपत राहावं म्हणून एक भरलेला माठ पुरून. मोकळे वाफे खणून तापू द्या.