पंधरा शिखरं, पाठीवर निम्मंच ओझं

वेल्समधली 3000 फुटांवरची 15 शिखरं एका दमात करताना डोंगराआधी पाठीवरचं ओझंच दमवतं. ही वाट मध्ये दोनदा रस्त्यावर उतरते: नान्ट पेरिसला आणि ओग्वेन खोऱ्यात. त्याचा फायदा घ्या.

1. आदल्या दिवशी गाडी ओग्वेनला लावा. तिथून पुढची सात शिखरं उरतात, त्यांच्यापुरतं खाणं-पाणी गाडीतच राहू द्या.
2. गाडीतल्या खाण्यासोबत कोरडे मोजेही ठेवा. चिखल तुडवून आल्यावर ते घातले की माणूस माणसात येतो.
3. रेनकोट, टॉर्च मात्र कायम पाठीवर. किल्ली चेनच्या खिशात. ती वर हरवली तर सगळंच मुसळ केरात!

जोराचा वारा किंवा पाऊस असेल तर या पंधरांतल्या क्रिब गोख शिखराच्या अरुंद धारेवर जाऊच नका.